वॉशिंग्टन हे आडनाव नेमकं कुठून आलं?

हे आडनाव इंग्लंडमधल्या एका गावावरून आलं आहे. सुंदरलँडजवळचं वॉशिंग्टन, जे पूर्वी डरहॅम परगण्यात होतं. आपल्याकडे गावाला 'कर' जोडून आडनाव होतं, तसलाच हा प्रकार. याला कागदाचा आधारही चांगला आहे. डरहॅमच्या बिशपच्या जमिनींची नोंदवही, 'बोल्डन बुक', 1183 सालची. तिच्यात विल्यम द हर्टबर्न याने हर्टबर्न गाव सोडून बदल्यात वॉशिंग्टन घेतल्याची नोंद सापडते. गाव बदललं तसं आडनावही बदललं! तेव्हा आडनावं पक्की झालेली नव्हती, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नसावं. पुढे याच घराण्यातला लॉरेन्स हा लोकरीचा व्यापारी नॉर्दम्प्टनचा महापौर झाला आणि 1539 मध्ये त्याने सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली. त्याचा वंशज जॉन 1650च्या दशकात व्हर्जिनियात गेला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

मात्र आज वॉशिंग्टन आडनाव दिसलं की ते याच घराण्यातले, असं समजू नका. अमेरिकेच्या 2000 सालच्या जनगणनेत हे आडनाव लावणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के लोक कृष्णवर्णीय होते. गुलामगिरीतून सुटल्यावर अनेकांनी ते स्वतः निवडलं, कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शाळेत असताना आडनाव विचारल्यावर हेच सांगितलं होतं. ते सगळे जॉर्ज वॉशिंग्टनच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज, ही समजूतही चुकीची आहे.