वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ पाहिला, पण समजले काय?

प्रश्न : मी नागपुरातील एका शाळेत गणित शिकवते. प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावला की मुले शांत बसतात, परंतु दुसऱ्या दिवशी विचारले तर कोणालाच काही सांगता येत नाही. त्यात इंटरनेटही मध्येच बंद पडते. काय करावे?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : वर्गातील शांतता म्हणजे आकलन नव्हे, हे तुम्ही अचूक हेरले आहे. व्हिडिओऐवजी जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहा. पडद्यावर त्रिकोण काढा आणि त्याचा एक शिरोबिंदू सरकवण्यापूर्वी तिन्ही कोनांच्या बेरजेचे काय होईल, याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहायला लावा. कारण लिहिलेला अंदाज चुकला, की ‘असे का झाले?’ हा प्रश्न मूल स्वतःहून विचारते, आणि खरे शिकणे तेथूनच सुरू होते. कोन बदलत राहतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. (दशांशस्थळे मर्यादित असल्याने कधीकधी बेरीज १८०.०१ दिसेल, ती झाकू नका, आसन्न (म्हणजे जवळपासच्या) किमती शिकवण्याची ती उत्तम संधी आहे.) त्यानंतर तोच त्रिकोण कोनमापकाने वहीत काढून घ्यावा, हा माझा आग्रह आहे.

जिओजेब्रा एकदा संगणकावर घेतले की इंटरनेटशिवाय चालते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक व्यासपीठावरील साहित्यही पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून घरीच डाउनलोड करून ठेवता येते. उन्हामुळे विदर्भातील शाळा उशिरा उघडतात. ही तयारी शाळा उघडण्यापूर्वीच्या त्या दिवसांत करावी.