जुन्या घराच्या जमिनीखाली नाणी सापडली, तर ती कधी आणि का पुरली हे कसं कळतं?

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातलं साउथ पूर्टनचं शेतघर याचं उत्तम उदाहरण आहे. घर सतराव्या शतकातलं. छत फारच बुटकं, म्हणून मालकांनी २०१९ मध्ये स्वयंपाकघराची जमीन खणून खाली घ्यायला सुरुवात केली. फरशी आणि काँक्रीट निघाल्यावर नुसती माती लागली, आणि त्या मातीत कुदळीखाली एक भांडं आलं. फुटलेलं, झिलईचं, आत हजाराहून जास्त सोन्याचांदीची नाणी!

त्यात पहिली एलिझाबेथ, पहिला जेम्स, पहिला चार्ल्स, शिवाय फिलिप आणि मेरीचीही नाणी होती. या जोडीच्या शिलिंगवर राजाराणी समोरासमोर बघत असतात, मला ते फार आवडतं.

आता काळाचं. राजाराणीचं नाव बघून फसू नका, जुनी नाणी शंभर वर्षंही चलनात असायची. ढिगातलं सगळ्यात नवं नाणं शोधायचं, पुरणं त्यानंतरचंच. इथे ते पहिल्या चार्ल्सच्या काळापर्यंत येतं, म्हणजे १६४२ ला राजा आणि संसद यांच्यात पेटलेल्या यादवी युद्धाच्या सुमाराला. १६४४ मध्ये डॉर्सेटमधल्याच लाइम रेजिसला वेढा पडला होता. सैन्यं लूट करत फिरत होती, बँका नव्हत्या, मग पैसा जमिनीतच जायचा. पुरणारा परत आला नाही एवढं नक्की.

२०२४ च्या लिलावात या नाण्यांचे सुमारे ६० हजार पौंड आले.

आपल्याकडे असं काही सापडलं तर १८७८ चा निखात निधी (म्हणजे पुरलेलं धन) कायदा लागू होतो, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आणि नाणी घासूनपुसून चकचकीत मुळीच करू नका.