काचेवरची टकटक

प्रश्न : मी ५६ वर्षांची, मुलुंडला राहते. मे महिन्यात आम्ही दोघं आणि माझी बहीण-मेहुणे युरोपच्या टूरला चाललो आहोत. अ‍ॅमस्टरडॅमला एक संध्याकाळ मोकळी आहे. काचेच्या खिडक्यांत बायका उभ्या असतात ती वस्ती बघायची, असं आम्ही बहिणींनी ठरवलंय. जेवताना हे बोलले तर मुलगा (वय २८) ताट सरकवून म्हणाला, "आई, ती काय राणीची बाग आहे का?" मला रडूच आलं. माझ्या मनात वाईट काही नाही हो. हाच मुलगा गेल्या वर्षी ऑफिसच्या पोरांबरोबर पट्टायाला जाऊन आला, आमच्यासाठी फ्रिजला लावायचं चुंबक घेऊन आला, तेव्हा आम्ही अवाक्षर काढलं नाही. माझं खरंच चुकतंय का?

उत्तर : आधी डोळे पुसा. बघावंसं वाटणं हा गुन्हा असता तर आमचं अर्धं खानदान आत गेलं असतं. १९८९ ते २००३ मी कामाठीपुऱ्यात आरोग्यसेविका होते. लग्नाच्या पंगतीत जिलबी येईपर्यंत कुणी ना कुणी मावशी कानाशी लागायचीच, "काय गं, खरंच तसं असतं का तिथं?" आणि याच मावश्यांची टॅक्सी फोरास रोडवरून गेली की पदर नाकाला. तुम्ही निदान घरच्यांसमोर मोठ्यानं बोललात.

एक दुपार सांगते. तीनचा सुमार म्हणजे गल्लीत धंद्याआधीची विश्रांती. ओट्यावर कुणी तांदूळ निवडतेय, कुणी दुसरीच्या उवा काढतेय. निपाणीकडची एक बाई माझ्याकडे बीपी बघायला बसली होती, दंडाला पट्टा गुंडाळलेला. तेवढ्यात एक गोरं जोडपं आलं, वाट दाखवायला टॅक्सीवाला. साहेबानं कॅमेरा वर केला. हिनं मोकळा हात पुढे केला. त्यानं दहाची नोट ठेवली. हिनं ती पोलक्यात खोचली आणि शांतपणे त्याच्याकडे पाठ फिरवून बसली. पट्ट्याची रबरी नळी ताणली गेली, म्हणून मलाही तिच्यामागोमाग सरकावं लागलं. साहेबानं तिच्या अंबाड्याचा फोटो काढला.

ते गेल्यावर ती म्हणाली, "तेंच्या गावात असल्या बायका नसत्यात का ओ, बाई?"

"असतात की."

"मग त्यास्नी का बघत न्हाईत?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मुलुंडहून दादरला गाडी बदलली की तासाभरात कामाठीपुऱ्याजवळचं ग्रँट रोड स्टेशन येतं. तिथं जाऊन या असं मी अजिबात सुचवत नाही, तिथल्या बायकांना तेवढंच कमी आहे! पण तिथं जावंसं तुम्हाला कधी का वाटलं नाही आणि ॲमस्टरडॅममध्ये का वाटतं, याचा विमानात जरा विचार करा. वेळ भरपूर असतो.

आता माझी गोष्ट. २०१७ मध्ये मुलीकडे गेले होते. इतकी वर्षं यातच काढलेली, मला काय नवं, अशा तोऱ्यात ॲमस्टरडॅमच्या त्या वस्तीत गेले आणि एका खिडकीसमोर चक्क थांबले. कारण आतल्या बाईच्या पायांत, त्या सगळ्या लाल झगमगाटाखाली, जाडे लोकरी मोजे होते. स्टुलावर अर्धं सँडविच, शेजारी फोन चार्जिंगला. मी मोज्यांकडेच बघत राहिले. तिनं अंगठीनं काचेवर टकटक केली. मला वाटलं, मला हाकलतेय. तसं नव्हतं. माझ्यामागे एक माणूस घुटमळत होता, त्याला ती बोलवत होती. मी मधे उभी होते.

तिथं हा धंदा १ ऑक्टोबर २००० पासून रीतसर कायद्यात बसतो. खिडकीची खोली बाई शिफ्टच्या हिशोबानं भाड्यानं घेते. गिऱ्हाईक येवो न येवो, भाडं द्यायचंच. समोर वीस जणांचा घोळका उभा राहिला की खरं गिऱ्हाईक लाजून पुढे सटकतं. शेवटी तिथल्या पालिकेनं १ एप्रिल २०२० पासून खिडक्यांसमोरून गाईडसह टूर न्यायलाच बंदी घातली. बाकी, कायद्यात बसतं म्हणून सगळ्याच खुशीनं आल्या असतील असं नाही. कोण कशी आली हे बाहेरून तुम्हाला दिसणार नाही. मलाही दिसलं नाही, चौदा वर्षांच्या अनुभवासकट.

जा तुम्ही. पण दोघीच जा, उजेडी जा आणि चालत राहा. वस्तीच्या मधोमध जुनं चर्च आहे, 'आउडे केर्क', शहरातली सगळ्यात जुनी इमारत. चित्रकार रेम्ब्रांटची बायको सास्किया तिथं पुरलेली आहे. चर्चसमोर दारात उभ्या असलेल्या एका बाईचा काशाचा पुतळा आहे, जगभरातल्या या बायकांचा मान ठेवा म्हणून २००७ मध्ये बसवलेला. फोटोची हौस त्यावर भागवा. खिडक्यांचा फोटो काढू नका, सेल्फीच्या मागेसुद्धा नको. हसू येईल, लाजेनं येतंच, पण ते पुढच्या वळणावर हसा. आणि मेहुण्यांना तोवर 'कॉफीशॉप'मध्ये बसवू नका. तिथं कॉफी सोडून भलतंच मिळतं, गांजा.

राहिले चिरंजीव. राणीच्या बागेचा टोला चांगला आहे, मला आवडला. पण पट्टायाच्या वॉकिंग स्ट्रीटवरून, म्हणजे तिथल्या बारांच्या रस्त्यावरून, तो डोळे मिटून थोडाच गेला असेल? थायलंडमध्ये तर १९९६ च्या कायद्यानं हा धंदा बेकायदा. तरी बारमधल्या पोरीला बाहेर न्यायचं तर बारवाल्याच्या हातावर वेगळे पैसे ठेवायचे, अशी उघड रीत. तिच्यावर कुणी हात टाकला आणि ती पोलिसांकडे गेली, तर पहिली आरोपी तीच व्हायची भीती. तुमच्या मुलानं काही केलं असं मी म्हणत नाही. आईनं बघायचं म्हटलं की ताट सरकतं आणि मुलगा बघून आला की फ्रिजवर चुंबक लागतं, एवढंच मला खटकलं.

आज त्याला वाढताना विचारा, "तिथं काय काय बघितलंस रे?" भांडणाच्या सुरात नको. आणि तो सांगायला लागला तर मधे बोलू नका.