हात चालतो, तर तोंड कशाला उघडायचं?

प्रश्न: रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा कोर्स करून मी वर्षभर सर्व्हिस टेक्निशियन म्हणून काम करतोय. बिघाड मला पटकन सापडतो. पण ग्राहकांचा शेरा येतो, ‘काही सांगत नाही, काय केलं ते कळलं नाही.’ माझ्या मागून लागलेल्या मुलाला सीनियर केलं. मला गोड बोलता येत नाही. चिलर प्लांटकडे, म्हणजे मोठ्या इमारतींच्या कूलिंगकडे, वळलो तर माणसांशी संबंध तरी येणार नाही. जाऊ का?

उत्तर: चिलर आवडत असेल तर जरूर जा, पण माणसं टाळायला म्हणून जाऊ नकोस. तिथे घरमालकाऐवजी इमारतीचा इंजिनिअर समोर असतो आणि तो जास्त खोलात विचारतो. कंडेन्सरचं अप्रोच तापमान (आतला गॅस आणि बाहेर पडणारं पाणी यांच्या तापमानातला फरक) का वाढलं, याचं उत्तर त्याला लॉगमधल्या आकड्यांसकट लागतं.

आणि गोड बोलायची गरज कुठेच नाही. ग्राहकाला यंत्राच्या आतलं दिसत नसतं. जे तुला दिसतं ते त्याला दाखवायचं, एवढंच हे काम आहे.

सुरुवात दारातच होते. पॅनेलला स्क्रू ड्रायव्हर लावायच्या आधी विचार: कधीपासून होतंय, सतत की अधूनमधून, पाणी-आवाज-वास काही आहे का, आणि आधी कोणी हात लावला होता का? याला शिष्टाचार समजू नकोस, निदान इथेच निम्मं होतं. ‘रात्री ठीक चालतो, दुपारी बंद पडतो’ म्हटलं की आधी बाहेरच्या युनिटकडे जा. कंडेन्सर धुळीने भरलेला असेल, नाहीतर फॅन मंद फिरत असेल. ‘पहिला तास गार, मग वारा कमी कमी’ म्हणजे कॉइलवर बर्फ धरतोय, तेव्हा फिल्टर आणि ब्लोअर आधी, गॅसचा दाब बघायचं गेज नंतर. ‘मागच्या उन्हाळ्यात गॅस भरला होता’ म्हणजे बहुधा कुठेतरी गळती आहे.

मग मोजमाप. सेटिंग सर्वात कमी, फॅन जोरात, १५ मिनिटं चालू दे. आत जाणारी हवा २७ अंश आणि बाहेर येणारी २३ असेल तर तो आकडा जॉब शीटवर ग्राहकासमोर लिही. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक अपेक्षित असतो. हवा दमट असेल तर थोडा कमी. काम झाल्यावर पुन्हा मोज आणि शेजारीच लिही. २७-२३ च्या पुढे २७-१७ दिसलं की ‘काय केलं ते कळलं नाही’ हा शेरा कोण देईल?

कॅपॅसिटरचंही तेच. लेबलवर ३५ मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के लिहिलंय, म्हणजे ३३.२५ च्या खाली तो बाद. वीज बंद करून, डिस्चार्ज करून मीटर लावलास आणि २७ आला, तर लेबल आणि मीटर एकत्र दिसतील असे धर. म्हण, ‘मोटरला सुरू व्हायला आणि नीट फिरायला हा मदत करतो. ३५ हवा, २७ उरलाय, म्हणून मोटर गरम होतेय.’ बस. काय सापडलं, त्याने काय होतंय, आता काय करायचं: तीन वाक्यं. तुझ्यासारख्या अबोल माणसाला एवढी पुरतात.

सगळ्यात जास्त विश्वास गॅसपायी उडतो. ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ हे वाक्य अर्धवट आहे. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. सर्किट बंदिस्त असतं, म्हणजे कमी झाला तर तो गळलाच. ग्राहकाला दोन्ही रस्ते सांग. नुसता भरला तर आज थंड होईल, पण पुन्हा बोलावावं लागेल. नीट करायचं तर उरलेला गॅस काढून घेणं, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने जोड तपासणं, दुरुस्ती, व्हॅक्यूम, मग वजनकाट्यावर नेमप्लेटप्रमाणे भरणं. अर्धा दिवस जाऊ शकतो. हे आधीच सांगितलंस तर व्हॅक्यूम पंप चालू असताना ‘अजून किती वेळ?’ म्हणून कोणी मागे लागत नाही, आणि तुलाही आत उरलेला दाब ५०० मायक्रॉनपर्यंत खाली न्यायला उसंत मिळते. पंप वेगळा करून आकडा बघ: थोडा चढून थांबला तर ओल आहे, चढतच राहिला तर गळती. घाईत इथेच काटछाट होते आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार परत येते. (आर-३२ हा गॅस किंचित ज्वलनशील आहे. खिडक्या उघडायला लाव, आणि सर्किट रिकामं झाल्याशिवाय जोडकामाचा ज्योतीचा टॉर्च पेटवू नकोस.)

हीटिंगच्या कामात न सांगितल्यामुळे येणारे फोन आणखी जास्त. हीट पंप (उलटा चालून घर गरम करणारा एसी) थंडीत बाहेरच्या कॉइलवरचा बर्फ वितळवायला डिफ्रॉस्टला जातो, आतला वारा काही मिनिटं थांबतो, बाहेरच्या युनिटमधून वाफ निघते आणि घरच्यांना वाटतं धूर येतोय. बसवतानाच दोन वाक्यं सांगितली की तो फेरा वाचतो. गॅस जाळून घर तापवणाऱ्या फर्नेसवर मात्र कार्बन मोनॉक्साइडची शंका आली तर मिनतवाऱ्या नकोत. फर्नेस बंद, माणसं बाहेर, मग बोलणं. ‘आजची रात्र चालू द्या ना’ म्हणाले तरी नाही म्हणजे नाही.

आधीच्या टेक्निशियनला नावं ठेवू नकोस. ‘पाइप जोडणारा फ्लेअर नट सैल होता’ एवढं पुरतं. कोणी ठेवला ते ग्राहकाला कळतं. निघण्याआधी ड्रेन पॅनमध्ये लिटरभर पाणी ओतून ते बाहेर पडताना दाखव, फिल्टर कसा काढायचा ते त्याच्याच हाताने करवून घे.

सीनियर करताना मॅनेजर बहुधा हेच बघतो: पहिल्याच फेरीत किती कामं मिटली आणि किती ठिकाणी परत जावं लागलं. तुझ्या मागच्याकडे कदाचित हात तुझ्याइतका नसेल, पण त्याची जॉब शीटं वाचता येत असतील. तू तीन महिने एक वही ठेव. परत जावं लागलेलं प्रत्येक काम, आधीचे-नंतरचे आकडे आणि कारण: निदान चुकलं, पार्ट खराब निघाला, की सांगायचं राहिलं? ‘सांगायचं राहिलं’ यापुढे सर्वात जास्त खुणा दिसतील असा माझा अंदाज आहे. ती वही घेऊन मॅनेजरकडे जा आणि सीनियरसाठी अजून काय कमी पडतंय ते विचार. चिलरच्या मुलाखतीलाही तीच वही ने.