‘आसूकार!’ आणि आपली साखर

सेलिया क्रूझ या क्यूबन गायिकेवर लेख लिहीत असलेल्या एका वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. गाता गाता त्या मध्येच ‘अझुकार!’ असा जो पुकारा करतात तो मराठीत कसा लिहावा, त्याचे ‘साखर!’ असे भाषांतर करून भागेल का, आणि हा शब्द आपल्या ‘साखर’ या शब्दासारखा ऐकू येतो तो निव्वळ योगायोग आहे का, असे हे प्रश्न आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःशंकपणे देता येते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हा योगायोग नाही, हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. संस्कृत ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडी, वाळू, बारीक कंकर असा आहे. आयुर्वेदात मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही ‘शर्करा’च म्हटले आहे. उसाचा रस आटवून त्याचे दाणेदार खडे मिळू लागले तेव्हा तेच नाव त्यांना लागले, आणि आपल्या ‘खडीसाखर’ या शब्दात तो जुना अर्थ अजूनही दाताखाली येतो. प्राकृतातून हा शब्द ‘साखर’ होऊन आपल्याकडे आला, फारसीत ‘शकर’ झाला आणि अरबीत ‘सुक्कर’ झाला. अरबीत ‘सुक्कर’च्या आधी ‘अल’ हे उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखे) लागले की त्यातला ‘ल’ पुढच्या ‘स’मध्ये मिसळून ‘अस्-सुक्कर’ असा उच्चार होतो. अरबांनी ऊस स्पेनमध्ये नेला तेव्हा तिथल्या लोकांनी हे उपपदासकट सगळे एकच नाम समजून उचलले, आणि स्पॅनिशमधला साखरेचा शब्द तयार झाला. इटालियन किंवा फ्रेंच शब्दात हा सुरुवातीचा ‘आ’ नाही, कारण तिथे शब्द उपपद मागे टाकून पोहोचला. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत उसाची बेणी कॅरिबियन बेटांवर नेली, आणि उसापाठोपाठ त्याचे नावही समुद्र ओलांडून गेले.

आता लेखनाविषयी. लॅटिन अमेरिकेच्या स्पॅनिशमध्ये ‘झ’चा ध्वनीच नाही. रोमन लिपीतले ते शेवटचे अक्षर तिथे स्वच्छ ‘स’ असे उच्चारले जाते, आणि शब्दातला आघात मधल्या अक्षरावर येतो. म्हणून ‘आसूकार’ असे लिहावे, ‘सू’ दीर्घ ठेवावा. रंगमंचावर सेलिया नेमका हाच ‘सू’ ओढून धरत असत. याच न्यायाने त्यांचे आडनावही ‘क्रूझ’ नसून ‘क्रूस’ आहे. त्यात आपल्याला परके वाटण्यासारखे काहीच नाही, कारण वसईच्या आणि गोव्याच्या चर्चमधला ‘क्रूस’ हा याच शब्दाच्या पोर्तुगीज रूपातून मराठीत आलेला आहे आणि डिक्रूझ हे आडनावही त्याच कुळातले आहे.

भाषांतराच्या प्रश्नासाठी मात्र त्यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते. सेलिया यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९२५ रोजी हवाना शहरात झाला. शिक्षिका होण्यासाठी त्यांनी अध्यापन विद्यालयात प्रवेश घेतला होता, पण नभोवाणीवरच्या गायनस्पर्धांनी त्यांना दुसऱ्याच वाटेला नेले. १९५० मध्ये ‘ला सोनोरा मातान्सेरा’ या नावाजलेल्या वाद्यवृंदात त्या मुख्य गायिका झाल्या आणि पंधरा वर्षे तिथे गायल्या. १५ जुलै १९६० रोजी हा वाद्यवृंद कार्यक्रमांसाठी मेक्सिकोला गेला, तो पुन्हा क्यूबात परतला नाही. १९६२ मध्ये आई वारली, तेव्हा अंत्यविधीसाठी मायदेशी येण्याची परवानगी क्यूबात सत्तेवर आलेल्या फिडेल कास्त्रो यांच्या सरकारने सेलिया यांना दिली नाही. त्याच वर्षी त्यांनी वाद्यवृंदातले ट्रम्पेटवादक पेद्रो नाइट यांच्याशी विवाह केला.

इथे लेखकाला एक सावधगिरीची सूचना करतो. या काळातल्या सेलिया यांना ‘साल्सा गायिका’ म्हणू नये. त्या वेळी त्या ‘ग्वाराचा’ गात असत, म्हणजे जलद लयीचा, खट्याळ शब्दांचा क्यूबन गीतप्रकार (यातला ‘च’ ‘चंद्र’मधला), आणि लोक त्यांना ‘क्यूबाची ग्वाराचेरा’ म्हणत. ‘साल्सा’ हे नाव संगीतासाठी रूढ झाले ते १९७० च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये, जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांच्या ‘फानिया’ या ध्वनिमुद्रण कंपनीच्या जोरावर. साल्सा म्हणजे तोंडीलावण्याचे चटणीसारखे कालवण. लॅटिनमधल्या ‘खारवलेले’ या अर्थाच्या शब्दापासून ते आले आहे, म्हणजे मुळाशी मीठ आहे. पाचेको यांच्याबरोबरची ‘सेलिया अँड जॉनी’ ही तबकडी १९७४ मध्ये निघाली आणि तिच्यातल्या ‘किंबारा’ या गाण्याने पन्नाशीला टेकलेल्या सेलिया यांना नव्या पिढीपर्यंत पोहोचवले. आपण तरुणपणापासून गात आलो तेच क्यूबन संगीत आता या नावाने ओळखले जाते, असे त्या स्वतः मानत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. ‘साल्साची राणी’ हे बिरुद या पुढच्या काळातले. त्याचे ‘साल्सा सम्राज्ञी’ केले तरी हरकत नाही, फक्त ते ‘साम्राज्ञी’ असे लिहू नये.

‘आसूकार’ या पुकाऱ्याचा उगम त्या स्वतः सांगत असत. मायामीतल्या एका उपाहारगृहात जेवणानंतर क्यूबन वाढप्याने त्यांना विचारले की कॉफीत साखर घालू का. क्यूबन कॉफीत साखर वरून घालायची नसतेच. कडक कॉफीचे पहिले काही थेंब साखरेत टाकून ती फेसाळेपर्यंत घोटतात आणि मग त्यावर उरलेली कॉफी ओततात. तेव्हा क्यूबाचा माणूस असून तू हे विचारतोस कसे, साखर हवीच, असे त्या उद्गारल्या. हा किस्सा त्या कार्यक्रमांत दोन गाण्यांच्या मध्ये सांगू लागल्या, श्रोत्यांना तो पाठ झाला, आणि हळूहळू किस्सा गळून जाऊन शेवटचा एकच शब्द उरला. त्याची जागाही पक्की झाली. साथीदार एक छोटी ओळ पुन्हापुन्हा धरतात, पितळी वाद्ये उसळतात, आणि त्या उसळीच्या तोंडाशी हा शब्द येतो. त्या जागी तो साखर मागत नसतो, वादकांना आणि नाचणाऱ्यांना चेतवत असतो.

शिवाय त्या शब्दाला दुसरे वजनही आहे. क्यूबातला साखरेचा धंदा आफ्रिकेतून आणलेल्या लाखो गुलामांच्या श्रमावर उभा राहिला, आणि गुलामगिरी तिथे १८८६ पर्यंत टिकली. एका कृष्णवर्णीय, देशाला पारखी झालेल्या क्यूबन गायिकेच्या तोंडून तो शब्द येतो तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यात गोडव्याबरोबर हा इतिहासही ऐकू येतो. १९९० मध्ये क्यूबाच्या भूमीवरच असलेल्या ग्वांतानामोच्या अमेरिकी तळावर कार्यक्रमासाठी गेल्या असता सेलिया यांनी तिथली मूठभर माती बरोबर आणली होती. १६ जुलै २००३ रोजी त्यांचे न्यू जर्सीत निधन झाले, तेव्हा ती माती त्यांच्याबरोबर शवपेटीत ठेवण्यात आली.

मराठीत नुसती ‘साखर!’ अशी हाक कोणी मारत नाही. आपल्याकडे शुभवार्ता सांगणाऱ्याच्या तोंडात साखर पडो असे म्हणतात, साखरपुडा होतो, तेव्हा आनंदाशी साखरेचे नाते आपल्यालाही ठाऊक आहे, पण ते उद्गाराच्या रूपात नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात अर्थ आणि कॉफीचा किस्सा द्यावा आणि पुढे सर्वत्र ‘आसूकार!’ असेच ठेवावे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने सेलिया यांची छबी असलेले पंचवीस सेंटचे नाणे काढले. त्यावर देशाचे नाव आणि नाण्याची किंमत इंग्रजीत आहे, पण हा शब्द मात्र स्पॅनिशमध्येच कोरलेला आहे, आधी उलटे आणि नंतर सुलटे उद्गारचिन्ह देऊन, भाषांतराशिवाय.