पिशवी काढली, तरी पित्त होतंच कसं?

ताई, तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, टाके केव्हाच सुकले, पण जेवण झालं की अर्ध्या तासात संडासला पळावं लागतं. पोट फुगतं, आंबट ढेकर येतात. वर घरचे म्हणतात, 'पिशवीच काढून टाकली, आता पचणार कसं?' माझं ऑपरेशन २०१८ सालचं. मी डॉक्टर नाही, एसटीत कंडक्टर आहे. पण या रस्त्यानं जाऊन आलोय, म्हणून लिहितो.

आधी 'पित्त' या शब्दाचा घोळ सोडवू. आपण 'पित्त झालं' म्हणतो ते जठरातलं आम्ल. पित्ताशयात असतो तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस, चरबी पचवायला लागणारा. शब्द एक, वस्तू दोन. आपल्या बोलीनं त्यांची गाठ मारून ठेवलीय, म्हणून पिशवी गेली की ढेकरही जातील असं माणूस धरून चालतो. मीही तेच धरलं होतं. तुमचे आंबट ढेकर ऑपरेशनच्या आधीपासून असतील, तर ते बहुधा पित्ताशयातल्या खड्यांमुळे नव्हतेच. सोनोग्राफीत खडे दिसले की पोटातल्या सगळ्या तक्रारी त्यांच्याच नावावर चढतात. ढेकरांचा इलाज वेगळा करून घ्या. डॉक्टरांना दुर्बिणीनं जठर बघावंसं वाटलं तर नाही म्हणू नका.

पळापळीची गोष्ट निराळी. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं, पिशवी असो वा नसो. पिशवी फार तर तीस-पन्नास मिली धरायची, आटवून घट्ट करायची आणि तेलकट जेवण आलं की एकदम सोडायची. आता साठवणच नाही, रस थेंब थेंब आतड्यात उतरत राहतो. म्हणजे पचन बंद पडलं हे खरं नाही, घरच्यांना सांगा. एरवी त्यातला बहुतेक भाग लहान आतड्याच्या शेवटी परत शोषला जातो. काहींच्या बाबतीत जास्तीचा पुढे मोठ्या आतड्यात जातो, तिथे पाणी सुटतं, आणि मग धावाधाव.

माझी ड्युटी जळगाव-धुळे. सकाळी सहाला चहा-खारी, आणि एरंडोल सोडलं की पोटात कळ. एकदा पारोळ्याच्या अलीकडे मी स्वतःसाठीच एक घंटी मारली. ड्रायव्हरला वाटलं पॅसेंजर उतरतोय. तिकिटाची पेटी सीटवर टाकून मी ज्वारीच्या शेतात! गाडीतल्या म्हातारीनं वर ओवा दिला, तो वेगळाच.

सर्जनना पुन्हा भेटलो तेव्हा त्यांनी आधी रक्त तपासलं, मग कोलेस्टायरामिनची पूड दिली. पाण्यात कालवून घ्यायची, चव वाळूसारखी. ती पित्तरसाला धरून ठेवते. मला आठवडाभरात फरक पडला, पण डोस जास्त झाला की दोन दिवस पोट साफ होत नव्हतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ही पूड इतर औषधंही धरून ठेवते. थायरॉईडची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असेल तर ती पुडीच्या एक तास आधी तरी घ्या, नाहीतर मग चार ते सहा तासांनी. आणि पूड डॉक्टरांनी लिहून दिली तरच. सौम्य त्रास असेल तर नुसत्या इसबगोलानंही मल बांधून येतो.

जेवणाचं म्हणाल तर मी तिकिटाच्या हिशेबासारखी वही ठेवली, काय खाल्लं आणि किती वाजता गेलो. महिनाभरात चोर सापडले: शेवभाजीची तर्री आणि उपाशीपोटी कडक चहा. भरीत-भाकरी निर्दोष सुटली, पण भरितात तेल एका चमच्याचं असलं तरच. मार्गशीर्षात शेतावरच्या पार्टीत दोन ताटं हाणली, तेव्हाचं सांगत नाही. तेल-तूप पार तोडू नका, थोडं थोडं चार वेळा विभागून घ्या. दुपारपर्यंत उपाशी राहून एकदम भरपेट जेवलं की हमखास गडबड होते.

आता घरी बसून सहन करायचं नाही ते. उजव्या बरगडीखाली पूर्वीसारखीच कळ, डोळे पिवळे, लघवी गडद, थंडी वाजून ताप, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. कधीकधी एखादा खडा पित्तनळीत राहून गेलेला असतो. तो रक्ताच्या तपासणीत आणि एमआरसीपीत, म्हणजे पित्तनळीच्या एमआरआयमध्ये, कळतो, आणि तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो, पुन्हा पोट फाडावं लागत नाही. संडासातून रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, हेही पिशवीच्या खात्यावर टाकू नका. लगेच दाखवा.

शेवटी तुम्ही विचारलंय, भाचीच्या लग्नात वरण-बट्टी चालेल का? चार महिने झालेत, वरची लक्षणं नसतील तर खा. बट्टी एकच घ्या, वरण लागेल तितकं. तूपवाला ओळीत आला की ताटावर हात आडवा धरा. तो ऐकणार नाही, 'अजून थोडं' म्हणत बोटांच्या फटीतून ओतेल, तेव्हा दोन्ही हात लावा.