रविवारचं चर्च आणि रोजची सोलर वीज

प्रश्न : आमच्या खडकीच्या चर्चमधला ग्रुप उपासनेनंतर थांबून सोलर आणि क्लायमेट चेंजचा अभ्यास करतोय. पाळकसाहेब म्हणतात छतावर पॅनल बसवू, पण कमिटीतले एक काका म्हणतात चर्च चालतं फक्त रविवारी, मग बाकीच्या दिवसांची वीज काय करायची? आणि सबसिडी मिळेल का?

उत्तर : काकांना नेट मीटरिंग समजावून सांगा. सोमवार ते शनिवार तयार झालेली जास्तीची वीज महावितरणच्या लाइनमध्ये जाते आणि ते युनिट तुमच्या बिलात वळते होतात, फक्त वर्षाअखेर खूप उरले तर त्याला दर अगदीच कमी मिळतो, म्हणून उगाच मोठी सिस्टीम बसवू नका. पुण्यात १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, जागा साधारण १०० चौरस फूट. पावसाळ्यात कमी होतात हे ओघानं आलंच, पण गंमत म्हणजे मे महिन्यात ऊन रणरणतं तेव्हाही पॅनल तापल्यामुळे थोडी घट होते.

सबसिडीचं म्हणाल तर पीएम सूर्यघर योजना घरांसाठी आहे, चर्चला नाही. घरी मात्र ३ किलोवॅटला केंद्राचे ७८,००० मिळतात, तेव्हा मेंबर लोकांनी आपापल्या गच्चीचं बघावं की!

अभ्यासच करताय तर पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपलं लाइटबिल आणा. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे ढोबळ ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. करा गुणाकार. आणि हो, छत कौलारू असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, कोटेशन नंतर.